खुणेपर्यंत पाणी

श्रीवर्धनच्या ब्राह्मण आळीतून बाजारात जायला दोन वाटा होत्या. एक पुढची, देवळावरून. त्या वाटेनं गेलं की कुठं चाललात, कशाला चाललात आणि येताना काय आणणार, याचा जबाब ओटीवर बसलेल्या प्रत्येकाला द्यावा लागे. दुसरी वाट वाड्यांच्या मागून, पोफळींच्या गर्दीतून. अनुसूया त्या दिवशी मागच्या वाटेनं निघाली. कमरेवर पाण्यानं भरलेली तांब्याची घागर, खांद्याला कापडी पिशवी, आणि पिशवीत औषधं बनवण्याचं इंग्रजी पुस्तक, वडिलांनी मुंबईहून मागवून दिलेलं. वय सव्वीस. पण पहिल्यांदा शाळेत निघालेल्या पोरीसारखी ती दर दहा पावलांवर पिशवीतलं पुस्तक चाचपत होती.

घागर दादानं न्यायला सांगितली होती. "तिथलं पाणी तुला कसं चालेल? आपल्या विहिरीचं भरून ने," असं विश्वंभरदादा म्हणाला तेव्हा तिला अगदी भरून आलं. वडील गेल्यापासून दादानं तिच्या तहानभुकेची चौकशी केल्याचं तिला आठवत नव्हतं.

अनुसूया सतराव्या वर्षी विधवा झाली. सासरी दिवेआगरला दहाव्या दिवशी न्हाव्याला बोलावणं गेलं, आणि न्हाव्याच्या आधी तिचे वडील पोचले. वडील शाळामास्तर, अंगानं काडी, पण आवाज खणखणीत. "माझ्या जिवात जीव आहे तोवर हिच्या डोक्याला वस्तरा लागणार नाही," म्हणाले आणि मुलीला केसांसकट घरी घेऊन आले. आळीनं त्यांच्याकडे श्राद्धाचं जेवायला येणं सोडलं. मास्तरांनी बोलावणंच सोडलं. रोज संध्याकाळी ते मुलीला इंग्रजी शिकवत, आणि ती वाचायला लागल्यावर त्यांनी ते पुस्तक मागवलं. "शिक. कंपाउंडर हो. औषध देणाऱ्या हाताला कुणी हिणवत नाही," असं ते म्हणत. मास्तरांना बरंच काही ठाऊक होतं, पण आपली आळी त्यांना पुरती ठाऊक नव्हती.

ते गेले आणि घर फिरलं. घर फिरलं की वासेही फिरतात, हे काही नवीन सांगायला नको. केस राखलेल्या विधवेच्या हातचं पाणी देवाला चालत नाही, पितरांना चालत नाही, सोवळ्यातल्या कुणालाच चालत नाही. पद्मावहिनीनं पहिल्याच महिन्यात तिला पाण्याच्या भांड्यांपासून दूर केलं. दळण तिचं, उष्टी तिची, सुपाऱ्या सोलणं तिचं. तिच्या पिण्याचा तांब्यासुद्धा पडवीत वेगळा. दादा दर चातुर्मासात एकदा घसा खाकरून विचारी, "रावजी न्हाव्याला बोलावू का? एकदा उरकलं की सगळं घर तुला मोकळं." ती नाही म्हणे. पुढच्या चातुर्मासापर्यंत मग तो विषय निघत नसे, आणि दळण वाढे.

कंपाउंडरची परीक्षा मुंबईला द्यायची होती, पण परीक्षेला बसायचं तर कुठल्यातरी औषधांच्या दुकानात उमेदवारी केल्याचा दाखला हवा. गावात अशी दुकानं दोन. बाळाजीपंतांकडे तिनं दादाकरवी विचारलं. "सकाळी दार उघडल्याबरोबर गिऱ्हाइकानं विधवेचं तोंड बघायचं का?" असा निरोप आला. दुसरं दुकान बदरुद्दीनचं. तिथं विचारायचं तिच्या मनातही आलं नव्हतं; पण एके दिवशी बदरुद्दीनचाच निरोप दादाकडे आला, की बहिणीला शिकायचं असेल तर पाठवा, पडदा लावून वेगळी जागा करून देतो. दादा लगेच हो म्हणाला. त्याच्या सुपाऱ्या बदरुद्दीनच्या भावाच्या मचव्यातून मुंबईला जात, म्हणून भीड पडली असेल, असं तिला वाटलं. नशीब उघडलं की माणूस फार खोलात शिरत नाही.

दुकानाच्या मागच्या दाराशी बदरुद्दीन स्वतः उभा होता. पन्नाशीचा माणूस, मेंदी लावलेली दाढी, अंगात पांढरा डगला. मोठ्या लढाईत तो बसऱ्याच्या इस्पितळात औषधं करायला होता आणि त्या गोष्टी दहा वर्षांनंतरही त्याला पुरत होत्या.

"या बाय, या. तुमच्या बापानं मला बाराखडी शिकवली हाय. छडी अजून आठवते," असं म्हणत त्यानं हात जोडले.

दुकान तिनं बाहेरून पाहिलं होतं, आतून आज पहिल्यांदा. कपाटांत काचेच्या झाकणांच्या बरण्या, त्यांवर सोनेरी अक्षरांत लॅटिन नावं. पुस्तकात वाचलेली नावं एकेक करून ओळखीची निघू लागली तशी तिची छाती भरून आली. संगमरवरी खल होता, गोळ्या वळायची पितळी पाटी होती, आणि मधल्या मेजावर काचेच्या पेटीत नाजूक काटा होता. पारडी रुपयाएवढी. तिची नजर तिथंच खिळली.

बदरुद्दीनच्या ते लक्षात आलं. "तो काटा मी बसऱ्यासून आनला. त्याला हात लावायचे तीन नियम हायेत. माझ्या उस्तादानं मारून मारून पाठ करून घेतले. येळ आली की तुमाला पन सांगेन."

"वेळ कधी येईल?" अनुसूयानं विचारलं.

"येईल की. आज पयला दिवस हाय."

दुकानाच्या एका कोपऱ्याला जाजमाचा पडदा लावून तिची जागा केली होती. तिथं पाट होता, चौरंग होता. चौरंगावर तिनं घागर ठेवली. बदरुद्दीनचा नोकर सदा यानं शेजारी नवाकोरा पितळी गडू ठेवला आणि स्वतः चार हात मागं सरकला.

"ह्या घागरीला तुमच्याबिगर कोनी हात लावनार न्हाय. मी न्हाय, सदा न्हाय. ही फकस्त तुमची," बदरुद्दीन म्हणाला.

आपल्याला पिण्यापुरत्या पाण्याचा केवढा हा मान, असं तिला वाटलं. मग पडद्याच्या फटीतून पहिली बाटली आत आली. तळाशी पांढरं औषध, बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवलेली, डोसांच्या खाचा पाडलेली. "बाय, वरच्या खुणेपर्यंत पानी घाला, बूच मारा, हलवा आनि परत द्या."

तिनं गडूनं पाणी घातलं. एक थेंब सांडला नाही. बाटली हलवली तशी ती दुधासारखी झाली, आणि ती कुणाच्या तरी घरी, कुणाच्या तरी पोटात जाणार, या विचारानं तिचे डोळे ओले झाले. गेल्या कित्येक वर्षांत तिच्या हातचं पाणी कुणी प्यालं नव्हतं. भाच्यांना तहान लागली तर तेही आईलाच हाक मारत. आणि इथं, एका मुसलमानाच्या दुकानात, तिच्या ओंजळीएवढ्या पाण्यावर कुणाचा तरी ताप उतरणार होता. वडील म्हणत ते खरं होतं. औषध देणाऱ्या हाताला कुणी हिणवत नाही.

एकामागून एक बाटल्या आल्या. मिक्स्चरात आणखी काय आहे ते ती वासावरून ओळखून सांगे, आणि पडद्यापलीकडून बदरुद्दीन "शाब्बास बाय" म्हणे. पट्टीच्या खाचा कशा कापायच्या तेही त्यानं तिला दाखवलं. मास्तरांनीसुद्धा महिनाभर नुसत्या रेघा ओढायला लावल्या होत्या. पहिल्या दिवशी पाणी, मग पट्टी, मग खल, मग काटा, असं असणार, अशी तिनं मनाशी शिडी लावून टाकली.

शिडीची पहिली पायरी मोडली ती एका कोळणीच्या बाटलीनं. ती बाई खोकत खोकत आली, बाटली देऊन पायरीवर बसली. अनुसूयानं गडू भरून तयार ठेवला. पण बाटली पडद्याआड आलीच नाही. फटीतून तिनं पाहिलं, बदरुद्दीननं कोपऱ्यातल्या मातीच्या माठातलं पाणी घातलं, बूच मारलं आणि बाटली दिली. मग मोहल्ल्यातला एक जण आला, त्यालाही माठातलं. आणि त्यानंतर आळीतला एक मुलगा आला, गळ्यात जानवं, बगलेत बाटली. ती बाटली तेवढी पडद्याआड आली.

बाहेर कुणी नाही असं पाहून तिनं सदाला विचारलं, "माझ्याकडे सगळ्या बाटल्या का येत नाहीत?"

"तुमच्याकडं आळीतल्याच येनार ना बाय," सदा म्हणाला. "दोन दिस घरोघरी सांगून आलोय मी. बाळाजीपंताकडं जायाची गरज न्हाय, आमच्याकडं बी आता पानी बामनाच्याच हातचं, बामनाच्याच हिरीचं. बगा ना, कशी रीघ लागलीय."

घागर कुणाच्या तहानेसाठी होती ते तिला आता कळलं. दादाला ते आधीच ठाऊक होतं हेही कळलं. आणि तिसरी गोष्ट कळली, ती सगळ्यांत वाईट. बदरुद्दीनला तिच्यातलं ब्राह्मणपण हवं होतं, आणि नेमकं तेच तिच्या हातातल्या पाण्यात आळीच्या लेखी नव्हतं. बिचाऱ्याला वाटलं, ब्राह्मण म्हणजे ब्राह्मण. त्यातही वरचे, खालचे, केस असलेले, केस नसलेले असा पसारा असतो, हे त्याला कोण सांगणार?

सांगणारी ती एकटीच होती. त्याच क्षणी पडदा सारून तिनं सांगायला हवं होतं. पण सांगितलं तर उठावं लागणार, घागर उचलून त्याच मागच्या वाटेनं जाऊन जात्यापाशी बसावं लागणार. काटा तिच्यापासून चार पावलांवर होता. ती गप्प बसली. पडद्याआड कोण आहे हे कुणी पाहिलं नाही तर महिनाभर निघेल, महिनाभरात ती काहीतरी शिकेल, असा हिशेब तिनं केला. पुढची बाटली आली, तिनं खुणेपर्यंत पाणी घातलं. या वेळी डोळे कोरडे होते.

दुपार कलल्यावर येसूकाकू आल्या.

आळीत देव दोन होते, एक देवळात आणि दुसऱ्या येसूकाकू. सत्तरी ओलांडलेली बाई, तासलेलं डोकं, त्यावरून लाल आलवणाचा पदर, हातात काठी. कुणाची मुंज कधी, कुणाचं सोवळं खरं नि कुणाचं दिखाऊ, हे त्या ठरवत. नातवाला हिवताप होता, त्याच्यासाठी कोयनेलचं मिक्स्चर हवं होतं.

बदरुद्दीनला कोण आनंद झाला. "काकू! कवाच्यान तुमचे पाय लागले न्हाईत."

"बाळाजीकडे सोवळ्यातलं मिळायला लागलं, मग इकडे कशाला येऊ? पण सदा सांगत होता, तूही सोय केलीस म्हणून."

"केली ना. बगा काकू, पूड कोरडी, ती तुमाला चालते. टिंचर तर विलायतेसून येतं, गोऱ्यानं भरलेलं, ते पन चालतं. अडत होतं ते पान्यावर. आता पानी तुमच्याच आळीतलं, हातही तुमच्याच आळीतला." आणि कौतुकाच्या भरात त्यानं एका झटक्यात पडदा सारला.

अनुसूया गडू हातात धरून तशीच बसली. पदर डोक्यावर होता, पण अंबाड्याचा उंचवटा पदराखालून कुणालाही दिसेल असा होता.

येसूकाकूंची नजर त्या उंचवट्यावर गेली. मग त्या बदरुद्दीनकडे वळल्या. आवाज चढवायची त्यांना कधी गरज पडत नसे.

"ही पाणी घालते?"

"व्हय. मास्तरांची लेक. बामनच ना?"

"बामण कशाला नाही? पण विचार हिला, हिच्या घरात हिच्या हातचं पाणी कोण पितं ते. सख्खी भावजय हिला घागरीला शिवू देत नाही. का गो, खोटं बोलत्ये का मी?"

अनुसूयानं हातातला गडू चौरंगावर ठेवला.

"इतकी वर्षं तुझ्या हातचं औषध मी गंगेचं नाव घेऊन प्यायले रे बदरू. उद्या अडलं तर परत पिईन. तू तुझ्या धर्मानं वागतोस. पण ही स्वतःचा अधर्म डोक्यावर बांधून मिरवत्ये. हिच्या हातचं पाणी मी मेले तरी घेणार नाही, आणि नातवालाही देणार नाही." काकूंनी रिकामी बाटली उचलली, पदरात गुंडाळली, आणि काठी टेकत गेल्या. पुढच्या वाटेनं गेल्या. प्रत्येक ओटीवर थांबत गेल्या.

तासाभरात बाटल्या परत यायला लागल्या. सकाळी ज्या घरांत गेल्या होत्या त्या सगळ्या घरांतून. कुणी मुलाच्या हाती पाठवली, कुणी गड्याच्या. एकदोघांनी तर राखेनं घासून द्या म्हणून सांगितलं. ज्या पोराचा ताप एका डोसानं उतरत होता त्याचीही बाटली आली. सदा मोरीवर बसून औषध ओतत होता, पांढरं पाणी मोरीतून वाहत माडाच्या आळ्यात जात होतं. अनुसूया ते पाहत बसली. तिला रडू आलं नाही, संताप आला. येसूकाकूंचा, दादाचा, या भोळसट माणसाचा, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा, की सकाळी आपण इतक्या आनंदात कशा होतो.

शेवटी बदरुद्दीन पडद्यापाशी आला. तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण तो तिच्यासमोर स्टुलावर बसला आणि गुन्हेगारासारखा बोलू लागला.

"माजी चूक झाली बाय. चाळीस वर्सं तुमच्या आळीनं आमच्या बापाचं, माजं औषध घेतलं. बाळाजीपंतानं पाटी लावली, सोवळ्यातली औषधं म्हनून, आनि एका दिवसात आमचं पानी वाईट झालं. मला वाटलं, त्याच्याकडं बामन तर माज्याकडं पन बामन. म्हनून तुमच्या भावाला सांगितलं. त्यानं पन काय न्हाय सांगितलं."

"मला शिकायचं होतं," अनुसूया म्हणाली. "तुम्ही शिकवणार म्हणून आले."

"शिकवलं असतं की."

"मग शिकवा. मी पाण्याला हात लावत नाही. कोळीवाड्याच्या, मोहल्ल्याच्या बाटल्या आहेत. पुड्या बांधीन, खल करीन."

बदरुद्दीननं दाढीवरून हात फिरवला. "त्यांच्यासाठी मी हाय की बाय. सदा हाय. उगा एक मानूस ठेवून मला काय करायचंय?" मग चाचरत म्हणाला, "काकू बोलल्या त्यावरून एक इचारतो. राग मानू नका. ते केसांचं... तुमच्यात जशी रीत हाय तसं केलं, तर मग तुमच्या हातचं पानी चालंल?"

"चालेल," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार? खरंच चालणार होतं.

त्याचा चेहरा उजळला. "मग त्यात काय! केस काय, ते जातात नि येतात. माजा बाप हजहून आला तो डोकं उतरवूनच आला. आख्खा मोहल्ला बंदरावर गळ्यात पडायला. नूर आला होता तोंडावर."

आतल्या दारातून त्याची बायको तैयबा ऐकत होती. ती तिथूनच कडाडली, "गप बसा वं तुमी! हजचे केस नि बाईचे केस एक हायेत काय? जरा तरी समजतंय का?" बदरुद्दीन गोंधळून बायकोकडे पाहू लागला. आपलं काय चुकलं ते त्याला खरोखरच कळलं नव्हतं.

घरी पोचायच्या आधीच बातमी पोचली होती. पद्मावहिनीनं घागर बाहेरच ठेवून घेतली आणि चिंच लावून घासायला काढली. दादा ओटीवर अडकित्ता घेऊन बसला होता.

"घागर माझ्यासाठी नव्हती," अनुसूया म्हणाली. "तुला ठाऊक होतं."

दादानं सुपारी कातरली. "आळीला कळलं नसतं तर चाललं असतं. तुझंही झालं असतं, माझंही. त्यानं मचव्याचं भाडं कमी करायचं कबूल केलं होतं." मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "आता तिथं पाऊल टाकायचं नाही. शोभा झाली तेवढी पुरे."

"उद्या सकाळी रावजीला बोलाव."

अडकित्ता थांबला. अंगणात चिंच घासायचा आवाजही थांबला.

"काय म्हणालीस?"

"रावजीला बोलाव. केस काढायचे आहेत. मग मी दुकानात जाणार आहे."

इतकी वर्षं ज्या गोष्टीसाठी दादानं घसा खाकरला ती आयती पदरात पडत होती, आणि तरी तो उसळला. "देवासाठी नाही काढलेस! बाबांच्या श्राद्धाला चार ब्राह्मण जेवायला यावेत म्हणून नाही काढलेस! आणि आता मुसलमानाच्या बाटल्या भरायला काढणार?"

"हो," अनुसूया म्हणाली.

ती माजघरात गेली आणि पिशवीतलं पुस्तक काढून मांडीवर घेतलं. वडिलांनी तिला दोन गोष्टी दिल्या होत्या, केस आणि पुस्तक. दोन्ही ठेवता येतील असं त्यांना वाटलं होतं. आता एक विकून दुसरी घ्यायची होती, आणि कुठली विकायची ते तिनं मोरीतलं पांढरं पाणी पाहतानाच ठरवलं होतं. वडील असते तर काय म्हणाले असते ते तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिनं तो विचार मनात येऊ दिला नाही.

सकाळी रावजी मागच्या अंगणात आला. म्हातारा माणूस, मास्तरांची दाढी आयुष्यभर त्यानं केली होती. वस्तऱ्याला धार लावताना दोनदा म्हणाला, "ताई, अजून बगा." तिनं पाठ त्याच्याकडे केली आणि अंबाडा सोडला. वहिनी खांबाआड उभी राहून डोळ्यांना पदर लावत होती. ते रडणंही खोटं नव्हतं; माणसं अशीच असतात. पण डोकं धुऊन, आलवण नेसून अनुसूया उभी राहिली तेव्हा वहिनीनं चटकन पुढं होऊन घासलेली घागर तिच्या हातात दिली, आणि म्हणाली, "जाताना आमच्याही स्वयंपाकघरातला हंडा भरून जाल का, वन्सं?"

अनुसूयानं घागर भरली, हंडा भरला नाही. ती पुढच्या वाटेनं गेली, देवळावरून, ओट्यांसमोरून. कुणी काही विचारलं नाही. येसूकाकू त्यांच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी पाहिलं आणि सुनेला हाक मारली, "अगो, ती बाटली धुऊन ठेव."

दुकानात बदरुद्दीन पाठमोरा उभा राहून बरण्या पुसत होता. दारात आलवण दिसताच त्यानं फडकं खाली ठेवलं, आणि आळीतल्या कुणाही म्हाताऱ्या बाईला विचारावं तसं अदबीनं विचारलं, "काय पायजे, काकू? बाटली आनलीय का?"

तिनं घागर उंबऱ्याच्या आत ठेवली. घागर पाहून त्यानं वर पाहिलं, आणि मग त्याला तिच्याकडे पाहवेना. आतल्या दारात तैयबा आली, तोंडावर हात ठेवून तशीच मागं गेली.

"बाय," तो कसाबसा म्हणाला. "मी काल... बसा, बसा. जागा तशीच हाय. तीन घरांतनं सकाळीच निरोप आलेत."

"पाणी घालीन," अनुसूया म्हणाली. तिचा आवाज वडिलांसारखा खणखणीत निघाला. "पण आधी काटा. रोज आधी काटा, मग पाणी. काटा नसेल त्या दिवशी घागर घरी."

काल ती विनवत होती तेव्हा तिच्या शिकण्याला कवडीची किंमत नव्हती. आज तिच्या पाण्याला भाव आला होता, आणि भाव आलेल्या मालानं अडून बसायचं असतं एवढा व्यापार ती एका दिवसात शिकली होती. बदरुद्दीननं वाद घातला नाही. त्यानं काचेची पेटी दोन्ही हातांनी उचलली, चौरंगावर आणून तिच्यासमोर ठेवली, झडप उघडली आणि समोरच्या स्टुलावर बसला. शिकवायला बसला की त्याची मान ताठ होई आणि नजर बसऱ्याला पोचे. उस्तादानं पाठ करून घेतलेले शब्द आपसूक तोंडातून येत.

"काट्याचे नियम तीन," तो म्हणाला. "नियम पयला. काट्यावर वाकायच्या आधी डोईचे केस घट्ट बांधायचे, वर कापड घ्यायचं. एक केस जरी पारड्यात पडला तरी..."

तो थांबला. उघडं राहिलेलं तोंड त्याला मिटता येईना.

पारडी हलत होती. ती स्थिर होईपर्यंत अनुसूया त्यांच्याकडे पाहत राहिली.

"दुसरा सांगा," ती म्हणाली.